राज्यपालांचा निवडणूक-इतिहास : श्री. राम नाईक यांच्या संदर्भात एक अभ्यास

राज्यशास्त्राच्या परीक्षेत 'राज्यपालांची निवड कशी होते?' असा प्रश्न आला की हुशार विद्यार्थी एका ओळीत उत्तर लिहून मोकळा होतो : राज्यपालांची निवड होत नाही, नेमणूक होते. उत्तर अचूक आहे आणि त्याला गुणही पुरे मिळतात. परंतु त्या एका ओळीपाशी थांबले म्हणजे पुढचा महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्यांना त्या पदासाठी कोणाकडेही मत मागावे लागत नाही, त्यांनी त्यापूर्वी कोणाकडे मते मागितली होती, ती मिळाली की नाकारली गेली, आणि त्या अनुभवातून त्यांनी राजभवनात काय नेले?

आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील खेड्यात राहणारा मतदार पाच ठिकाणी आपला प्रतिनिधी निवडतो : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. या पाचांपैकी एकाही मताने राज्यपाल ठरत नाहीत. असे असूनही आपल्या भागातील कायदा, जमीन आणि नोकरी यांच्याशी राज्यपालांचा संबंध मुंबई-पुण्याच्या नागरिकापेक्षा अधिक जवळचा आहे. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात पाहू. प्रथम ज्यांचा निवडणूक-इतिहास दीर्घ आहे आणि ज्यांचा मतदारसंघ एके काळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात शिरलेला होता, अशा एका राज्यपालांचे उदाहरण घेऊ. ते म्हणजे २०१४ ते २०१९ या काळात उत्तर प्रदेशाचे राज्यपाल असलेले श्री. राम नाईक.

राज्यपाल निवडावा की नेमावा?

राज्यपाल लोकांनी निवडावा ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. १९४७ साली सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने, प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट निवडला जावा, अशी शिफारस केली होती. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात दोन पर्याय ठेवण्यात आले. एक थेट निवडणुकीचा, तर दुसरा विधिमंडळाने चार नावे सुचवावीत व त्यांतून राष्ट्रपतींनी एक निवडावे असा. प्रत्यक्षात १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस घटना समितीने हे दोन्ही पर्याय बाजूस सारले आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची पद्धत स्वीकारली.

यामागील कारणे विचार करण्याजोगी आहेत. मुख्यमंत्री लोकांच्या बहुमतावर उभा आणि राज्यपालही लोकांच्या बहुमतावर उभा, असे झाले असते तर एका म्यानात दोन तलवारी राहिल्या असत्या. शिवाय ज्या पदाला नित्याच्या कारभारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे आहे, त्यासाठी साऱ्या राज्यभर निवडणुकीचा खर्च व धामधूम कशाला, असाही प्रश्न होता. नुकतीच फाळणी सोसलेल्या देशाला एकसंध ठेवण्याची चिंता तर होतीच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा गव्हर्नर लोक निवडतात हे खरे. पण तेथे गव्हर्नर हाच राज्याच्या कारभाराचा खरा प्रमुख असतो. आपल्याकडे ते काम मुख्यमंत्र्यांचे आहे. नावात साम्य असले तरी पदे भिन्न आहेत.

अशा रीतीने राज्यघटनेच्या कलम १५५ नुसार राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात आणि कलम १५६ नुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतात. पात्रता म्हणाल तर भारताचे नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण, एवढीच. निवडणूक लढवलेली असावी अशी अट नाही, लढवलेली नसावी अशीही नाही.

बोरिवली ते दिल्ली

राम नाईक यांचा जन्म १६ एप्रिल १९३४ रोजी सांगली जिल्ह्यात झाला. वाणिज्य व कायदा या विषयांचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत महालेखापालांच्या कार्यालयात कारकुनापासून नोकरीची सुरुवात केली. पुढे एका खाजगी कंपनीत हिशेबाचे जबाबदारीचे काम केले आणि १९६९ साली नोकरी सोडून ते जनसंघाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. तत्पूर्वी १९६४ साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघाची स्थापना केली होती. ही गोष्ट वरवर लहान वाटते. परंतु आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसाऱ्याहून रोज लोकल गाठणाऱ्याला, अथवा रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे करीत आलेल्या मुरबाडकराला, तिचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. गाडीची वेळ, डब्यातील गर्दी, फलाटाची उंची अशा रोजच्या प्रश्नांतून त्यांच्या सार्वजनिक कार्याची बांधणी झाली. मते मागण्याची वेळ त्यानंतर आली.

१९७८ साली जनता पक्षाच्या वतीने बोरिवली मतदारसंघातून ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत, तसेच १९८५ मध्येही, त्याच बोरिवलीने त्यांना पुन्हा निवडून दिले. १९८९ साली ते मुंबई उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यानंतर १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९ असे एकूण पाच वेळा ते तेथून लागोपाठ विजयी झाले. विधानसभेच्या तीन आणि लोकसभेच्या पाच मिळून सलग आठ निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९८ नंतर ते रेल्वे राज्यमंत्री होते, तर १९९९ ते २००४ या काळात पेट्रोलियम खात्याचे मंत्री होते.

त्या वेळचा मुंबई उत्तर मतदारसंघ आजच्यासारखा केवळ उपनगरांपुरता नव्हता. मुंबईची हद्द ओलांडून तो तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वसईपर्यंत पोहोचत असे. त्यामुळे एकाच खासदाराला गोरेगाव-बोरिवलीच्या चाकरमान्यांकडे आणि वसईच्या शेतकरी, बागायतदार व कोळी मतदारांकडे मते मागावी लागत. खासदारांना आपल्या मतदारसंघातील विकासकामे सुचवता यावीत म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधीची योजना सुरू झाली. तिचा आग्रह धरणाऱ्यांत नाईक हे एक होते. आज खेडोपाडी समाजमंदिरांवर वा पाणपोयांवर 'खासदार निधीतून' अशी पाटी दिसते, तिचा उगम या योजनेत आहे.

दोन पराभव आणि आकड्यांचे वाचन

विजयाची यादी पाठ करणे सोपे असते. अभ्यासकाने पराभवापाशी अधिक वेळ थांबावे. २००४ साली चित्रपट अभिनेते गोविंदा काँग्रेसच्या वतीने मुंबई उत्तरमध्ये उभे राहिले. त्यांना ५,५९,७६३ मते मिळाली, नाईक यांना ५,११,४९२. म्हणजे केंद्रीय मंत्री असताना नाईक ४८,२७१ मतांनी पराभूत झाले. 'नटाने मंत्र्याला पाडले' एवढ्यावर तेव्हाची चर्चा संपली. परंतु आकडे निराळेच काही सांगतात. १९९९ साली विजयी झाले तेव्हा नाईक यांना सुमारे ५ लाख १८ हजार मते मिळाली होती, आणि २००४ साली पराभूत झाले तेव्हा सुमारे ५ लाख ११ हजार. मतांच्या बेरजेत फार मोठी घट झालेली नाही. विरोधी बाजूला जमलेली मते मात्र या वेळी त्याहून जास्त निघाली. निवडणुकीत आपल्याला किती मते पडली याइतकेच दुसऱ्याला किती पडली यालाही महत्त्व असते, हा धडा यातून घ्यावा.

२००९ चा निकाल याहून बोलका आहे. काँग्रेसचे संजय निरुपम यांना २,५५,१५७ आणि नाईक यांना २,४९,३७८ मते पडली. अंतर फक्त ५,७७९ मतांचे. तिसऱ्या क्रमांकावरील महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराने १,४७,५०२ मते घेतली, म्हणजे पराभवाच्या अंतराच्या सुमारे पंचवीसपट. ही सारी मते नाईक यांनाच मिळाली असती असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मात्र जिंकणाऱ्याला निम्म्याहून कमी मते मिळूनही तो निवडून येतो, हे आपल्या निवडणूक पद्धतीचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट दिसते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २००४ ची पाच लाख मते आणि २००९ ची अडीच लाख मते यांची थेट तुलना करून 'पाठिंबा निम्म्यावर आला' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मधल्या काळात, २००८ साली, मतदारसंघांची पुनर्रचना झाली होती. वसईचा भाग नव्या पालघर मतदारसंघात गेला, गोरेगाव मुंबई वायव्यमध्ये गेले, आणि मुंबई उत्तर आकाराने लहान झाला. याच पुनर्रचनेत आपला भिवंडी लोकसभा मतदारसंघ जन्मास आला. शहापूर व मुरबाड हे विधानसभा मतदारसंघ तेव्हापासून त्यात आहेत. नाव तेच राहिले तरी हद्द बदलली की मतदारसंघ बदलतो. निवडणुकीच्या आकड्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आधी नकाशा पाहावा, मग बेरीज-वजाबाकी करावी.

दुसऱ्या पराभवानंतर २०१३ साली नाईक यांनी यापुढे लोकसभा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. २०१४ च्या निवडणुकीत त्याच जागेवर त्यांच्या पक्षाचे गोपाळ शेट्टी सुमारे साडेचार लाख मतांच्या फरकाने विजयी झाले. आणि २२ जुलै २०१४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, नाईक यांनी उत्तर प्रदेशाच्या राज्यपालपदाची शपथ घेतली. पद स्वीकारताना त्यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

निवडणूक-इतिहास : गुण की दोष?

दीर्घ निवडणूक-इतिहास असलेली व्यक्ती राज्यपालपदासाठी योग्य की अयोग्य? याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते.

केंद्र-राज्य संबंधांचा विचार करण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. राज्यपाल हा त्या राज्याबाहेरचा असावा, तेथील राजकारणात गुंतलेला नसावा, आणि सर्वसाधारणपणे राजकारणात, विशेषतः नजीकच्या काळात, फार मोठा भाग घेतलेला नसावा, असे आयोगाने सुचवले. केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा राजकारणी दुसऱ्या पक्षाच्या सरकारवर राज्यपाल म्हणून पाठवू नये, असेही आयोगाचे म्हणणे होते. या कसोटीवर नाईक यांची नेमणूक बसत नाही, हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. २०१४ साली केंद्रात भारतीय जनता पक्ष सत्तेवर होता आणि उत्तर प्रदेशात समाजवादी पक्ष. विधान परिषदेवर नियुक्त करावयाच्या काही नावांवरून राज्यपाल व सरकार यांच्यात मतभेदही झाले. पक्षाचा राजीनामा दिला म्हणून पन्नास वर्षांची ओळख पुसली जात नाही, असे टीकाकार म्हणतात ते अगदीच निराधार नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. आमदार व खासदार असताना नाईक आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत असत. राज्यपाल झाल्यावर असा अहवाल देण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. पाच वर्षांनी मते मागायची नव्हती, हरण्याची भीती नव्हती, जिंकण्याचा मोहही नव्हता. तरीही 'राजभवन में राम नाईक' या नावाने ते दरवर्षी आपल्या कार्याचा अहवाल प्रसिद्ध करीत राहिले. किती नागरिकांना भेटलो, किती पत्रे आली, विद्यापीठांचे कुलपती म्हणून काय केले, याचा हिशेब त्यात असे. हिशेबनीस म्हणून आयुष्याला सुरुवात केलेल्या माणसाची ही सवय मतदारसंघात पक्की झाली होती आणि ती राजभवनातही सुटली नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा निकष हाच आहे. निवडणुकीच्या राजकारणातून आलेला राज्यपाल दोन गोष्टी बरोबर आणतो : एक पक्ष आणि दुसरी मतदारापुढे जाब देण्याची सवय. पहिली गोष्ट उंबरठ्याबाहेर ठेवावी आणि दुसरी आत न्यावी, ही अपेक्षा आहे. राज्यघटनेला पहिलीची सक्ती नीटशी करता आली नाही, आणि दुसरीची तर तिने फारशी केलीच नाही. अपवाद फक्त एका ठिकाणी आहे, आणि तो थेट आपल्या भागाशी निगडित आहे. त्याकडे वळण्यापूर्वी शेजारच्या एका उदाहरणाची नोंद घेऊ.

शेजारचे उदाहरण

आपल्याला अधिक जवळचे नाव म्हणजे कल्याणचे प्रा. राम कापसे. मराठीचे प्राध्यापक असलेले कापसे कल्याणमधून विधानसभेवर आणि १९८९ व १९९१ मध्ये ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. २००४ ते २००६ या काळात ते अंदमान व निकोबार बेटांचे नायब राज्यपाल होते. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी त्यांच्याच कारकिर्दीत आली. येथे विद्यार्थ्यांनी भेद लक्षात ठेवावा : नायब राज्यपाल हा केंद्रशासित प्रदेशाचा प्रशासक असतो. अंदमानात विधानसभाही नाही, मुख्यमंत्रीही नाही. त्यामुळे संकटाच्या वेळी लोकांनी दाद मागावी असा प्रमुख म्हणजे नायब राज्यपालच. मतदारांच्या दारी जाण्याचा अनुभव अशा पदावर किती उपयोगी पडत असेल, याची कल्पना करता येते.

शहापूर-मुरबाड आणि पाचवी अनुसूची

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार आदिवासीबहुल प्रदेश 'अनुसूचित क्षेत्र' म्हणून जाहीर केले जातात. महाराष्ट्रासाठी १९८५ साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित आहे, आणि मुरबाड तालुक्यातील ७७ गावेही त्यात आहेत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांची ही वस्ती होय. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तरी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले.

अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांना असे अधिकार आहेत की जे इतरत्र नाहीत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक बदलांसह लागू होईल, असे ते अधिसूचनेद्वारे ठरवू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण व सावकारी यांवर निर्बंध घालणारे विनियम ते करू शकतात. मात्र त्यासाठी जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय आणि राष्ट्रपतींची संमती आवश्यक असते. या अधिकारांत राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने चालावे की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, याविषयी घटनातज्ज्ञांत मतभेद आहेत.

हे अधिकार केवळ पुस्तकात नाहीत. जून २०१४ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद झाली. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या काळात, २०१५ पासून, आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. मे २०२० मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्या अधिसूचनेने, जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या वनहक्काच्या दाव्यांवर विभागीय स्तरावर अपील करण्याची सोय झाली. या अधिकारांना मर्यादाही आहेत. आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांत शिक्षकांच्या सर्व जागा अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवण्याचा तेथील आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द ठरवला. म्हणजे आपल्या तालुक्यातील पदवीधराला तलाठ्याची नोकरी मिळेल की नाही, त्याच्या वडिलांच्या वनजमिनीचा दावा पुन्हा ऐकला जाईल की नाही, या प्रश्नांचा एक धागा राजभवनापर्यंत जातो.

या तिघांचाही निवडणूक-इतिहास आहे. शंकरनारायणन केरळच्या विधानसभेवर अनेकदा निवडून आले होते. विद्यासागर राव १९९८ व १९९९ साली करीमनगरचे खासदार झाले आणि २००४ साली तेथेच पराभूत झाले. कोश्यारी उत्तराखंडचे मुख्यमंत्री होते आणि २०१४ साली नैनिताल-उधमसिंहनगरमधून लोकसभेवर गेले. त्यांनी मते मागितली ती पालक्काड, करीमनगर आणि कुमाऊँच्या लोकांकडे. शहापूरच्या पाड्यावर मत मागायला त्यांच्यापैकी कोणालाही यावे लागले नाही. मग येथील माणसाने त्यांना जाब विचारावा कसा?

याचेच उत्तर वर उल्लेखिलेल्या अपवादात आहे. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांवर एक कर्तव्य सोपवले आहे : अनुसूचित क्षेत्राच्या प्रशासनाविषयी दरवर्षी, किंवा राष्ट्रपती मागतील तेव्हा, त्यांना अहवाल देणे. नाईक यांनी लखनौमध्ये स्वखुशीने जे केले, ते शहापूर-मुरबाडच्या बाबतीत महाराष्ट्राच्या राज्यपालांवर घटनेनेच बंधनकारक केले आहे. हा अहवाल मतदारांसाठी नसून राष्ट्रपतींसाठी असतो, हे खरे. परंतु त्याचा विषय आपले पाडे, आपल्या शाळा आणि आपली जमीन हाच असतो.

समारोप

राम नाईक यांच्या निवडणूक-इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, विजय आणि पराभव यांचे आकडे मतदारसंघाच्या हद्दीशिवाय वाचता येत नाहीत. दुसरी, निवडणुकीच्या राजकारणाचा अनुभव राज्यपालपदासाठी आपोआप गुण ठरत नाही, तसाच आपोआप दोषही ठरत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्या पदाला मतदार नसतो त्या पदावरील व्यक्तीने दिलेला लेखी हिशेब हाच नागरिकाचा आधार असतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, ज्या दिवशी नवे राज्यपाल शपथ घेतील त्या दिवशी वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून पान उलटू नका. ते कोठून निवडून आले होते, कोठे हरले, आणि आपल्या मतदारांना ते हिशेब देत होते काय, याचा शोध घ्या. आणि आपल्या ग्रामसभेत, जेथे तुमचा हात मोजला जातो, तेथे विचारा : अनुसूचित क्षेत्राविषयीचा यंदाचा अहवाल गेला काय, आणि त्यात आपल्या गावाबद्दल काय लिहिले आहे?